घराची लादी बदलायची आहे : भरवशाचा कंत्राटदार ओळखायचा कसा? (नेरूळ)

पारसिक

नमस्कार मंडळी,

आमचं नेरूळचं घर सिडकोच्या जुन्या इमारतीत आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही, ५८० फूट कार्पेट. जमिनीला अजून मूळची मोझॅक आहे, दहा बाय दहा इंची. स्वयंपाकघरात ओट्यासमोर ती खचलीय, हॉलमध्ये काही लाद्यांचे कोपरे उडालेत आणि आईचा पाय नेमका तिथेच अडखळतो. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तर मला रोज धास्ती वाटते. या वर्षी काम करायचंच, असं ठरवलंय.

आतापर्यंत तिघांनी येऊन भाव दिला :

पहिला ओळखीतून आलेला लादीवाला. फक्त मजुरी, ५५ रुपये फूट. माल आपण आणायचा. कागदावर काही देत नाही.

दुसरा वाशीचा, स्वतःचं ऑफिस आहे. मालासकट २१५ रुपये फूट, निम्मे पैसे आधी.

तिसरा एका टाइल्सच्या दुकानाने पाठवला. म्हणतो, तोडफोडच नको, आहे त्या लादीवर नवीन टाइल चिकटवू, चार दिवसांत मोकळे.

तिघेही बोलायला चांगले आहेत. यातला कामाचा पक्का कोण, हे आधी कळावं कसं? इंटरनेटवरचे तारे बघून माझं समाधान होत नाही. ठाणे-नवी मुंबईत ज्यांनी अलीकडे काम करून घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. कंत्राटदाराची नावं नकोत, पद्धत सांगा.

शमिका

पाचपाखाडीत दोन वर्षांपूर्वी आम्ही पूर्ण घराची लादी केली. माझा एकच प्रश्न तुम्ही तिघांनाही विचारा : "प्रत्यक्ष लादी कोण बसवणार? त्याला घेऊन या."

आमच्याकडे भाव द्यायला आलेले गृहस्थ अतिशय व्यवस्थित होते. टेप लावून माप घेतलं, सगळं समजावून सांगितलं. काम सुरू झालं तेव्हा मात्र दोन वेगळीच मुलं आली. ते गृहस्थ संध्याकाळी फेरी मारून जायचे. बेडरूमच्या एका भिंतीलगतची अख्खी ओळ पोकळ वाजत होती. शेवटचे दहा टक्के मी हातात ठेवले होते, म्हणून ती ओळ उखडून पुन्हा बसवून मिळाली. सगळे पैसे दिले असते तर फोनसुद्धा उचलला गेला नसता.

बसवणाऱ्या कारागिराने वर्ष-दोन वर्षांपूर्वी केलेलं घर बघायला मागा. कालच संपलेलं काम बघू नका, नवीन लादी सगळ्यांचीच छान दिसते.

खारघरकर

एवढी डोकेदुखी हवी कशाला? इंटिरियर डिझायनर नेमा. आम्ही खारघरच्या घराचं सगळं एकाच माणसाकडे दिलं. पैसे थोडे जास्त गेले, पण प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार, लादीवाला यांची मोट बांधायची जबाबदारी त्याची. नोकरी करणाऱ्या माणसाला हेच परवडतं.

शमिका

@खारघरकर, पूर्ण घर नव्याने करायचं असेल तर पटतं. नुसत्या लादीसाठी डिझायनर म्हणजे मध्ये आणखी एक माणूस वाढला. बसवणार शेवटी तोच कारागीर.

केवडा

माझं मत थोडं वेगळं आहे. मोझॅक काढूच नका! ऐरोलीला माझ्या मावशीकडे तीच लादी आहे. मशीनने घासून पॉलिश करून घेतली तर इतकी सुंदर निघाली की येणारा प्रत्येक जण विचारतो, कुठून आणली म्हणून. उन्हाळ्यात पायाला गार लागते, आणि जाडी एवढी असते की पुढेही पुन्हा घासता येते.

दिघेकर

वाचतोय. रात्री सविस्तर लिहितो. माझे वडील आयुष्यभर लादीकाम करत होते.

ओळंबा

पारसिक, मी सिव्हिलमधला, आता निवृत्त. तुम्ही तिघांचे दर शेजारी शेजारी ठेवलेत, पण त्या तिघांनी तुम्हाला तीन वेगवेगळी कामं सांगितली आहेत. त्यामुळे ती तुलना आज होऊच शकत नाही. आधी काम काय करायचं ते ठरवा, कागदावर उतरवा आणि तोच कागद तिघांना द्या.

आता थोडा हिशेब. मोझॅकची लादी २०-२२ मिलिमीटर जाड असते, आणि खाली तीस-चाळीस मिलिमीटरचा थर. हे सगळं उचकटलं तर चौरस मीटरमागे १२० ते १३० किलो राबीट (तोडफोडीचा मलबा) निघतं. तुमच्या घरात साडेसहा-सात टन! पोतं ३०-३५ किलोचं धरलं तर दोनशेच्या आसपास पोती दुसऱ्या मजल्यावरून कुणाच्या तरी पाठीवरून खाली जाणार. २१५ रुपयांत हे धरलंय का? "राबीट खाली उतरवून गाडीने नेणे" असं लिहिलेलं नसेल तर ते धरलेलं नाही असंच समजा. ती गाडी कुठे रिकामी होणार हेही विचारा. रात्री खाडीकाठच्या खारफुटीत राबीट ओतणारे काही कमी नाहीत. आपल्या घराचा कचरा तिथे जावा असं तुम्हालाही वाटणार नाही.

लादीवर लादी : नवीन टाइल आणि खालचा अधेसिव्ह मिळून चौरस मीटरला तीस किलोच्या आसपास वजन वाढतं, म्हणजे अख्ख्या घरात दीड टनाच्या वर. स्लॅब ठणठणीत असेल तर हे चालतं. पण इमारत तीस वर्षांच्या पुढची असेल तर सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलेलं असायला हवं. तो अहवाल मागून वाचा आणि मगच ठरवा. शिवाय जमीन दीडेक सेंटिमीटर वर येते, म्हणजे सगळे दरवाजे खालून तासावे लागतात. तुमच्या तिसऱ्या माणसाने दरवाज्यांचं काही सांगितलंय का?

आणि स्वयंपाकघरात जिथे लादी खचली आहे तिथे वर काहीही चिकटवून उपयोग नाही. आधारच हलतोय. तिथे खोदून बघावंच लागेल. बहुतेक वेळा सिंकच्या लाइनची गळती निघते. न बघताच "चार दिवसांत मोकळे" म्हणणाऱ्यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

घोडबंदरी

@ओळंबा काका, तोडफोडीचं पटलं, पण लादीवर लादीला एवढं नाकारू नका. आमच्या मानपाड्याच्या फ्लॅटमध्ये तसंच केलंय. इमारत नवी होती, बिल्डरने बसवलेली टाइल घट्ट होती, घरात लहान बाळ होतं, धूळ नको होती. आजपर्यंत एकही टाइल हललेली नाही. दरवाजे मात्र खरंच तासावे लागले, आणि मुख्य दरवाजाला सुतार वेगळा बोलवावा लागला.

ओळंबा

@घोडबंदरी, नाकारत नाही. तुमच्याकडे खालचा आधार पक्का होता म्हणून जमलं. त्यांच्याकडे तो तसा नाही, एवढंच माझं म्हणणं.

सायलीची आई

पोकळ लादी तपासायची आमची घरगुती पद्धत : रुपयाचं नाणं. सासूबाई रोज दुपारी नाणं हातात घेऊन, वाकून वाकून एकेक टाइल वाजवत घरभर फिरायच्या. तिसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतःच त्यांना म्हणाला, "माँजी, पहले आप बजा लो, फिर मैं आगे बढ़ता हूँ." काम संपल्यावर तो त्यांच्या पाया पडून गेला आणि पुढच्या साइटवर येता का म्हणून विचारत होता 😄

उपवन

😄😄 सासूबाईंचा दर काय? आमच्याकडे वर्तकनगरला पाठवा.

दिघेकर

आता बसलोय निवांत.

वडिलांबरोबर मी शाळेच्या सुट्टीत साइटवर जायचो, पाण्याची नळी धरून लेव्हल काढायला. म्हणून चांगला कारागीर कसा दिसतो ते सांगू शकतो.

तो आल्यावर भाव सांगायच्या आधी खाली बसतो. जमिनीवर हात फिरवतो, ठोकून बघतो, दाराखालची फट बघतो, बाथरूमचा उंबरा बघतो. नहाणीची जाळी कुठल्या बाजूला आहे ते विचारतो. उभ्या उभ्या खोलीवर नजर टाकून भाव सांगणाऱ्याने घर बघितलेलंच नसतं.

टाइल बसवायच्या आधी तो कोरड्या टाइल्स मांडून दाखवतो. तुकडे कुठे येणार, दारातून शिरल्यावर अख्खी टाइल दिसणार की काप, हे तो तुमच्याशी बोलून ठरवतो. हे न करता सरळ कोपऱ्यातून सुरू करणारा पुढे अरुंद पट्टी काढून ठेवतो आणि ती नेमकी सोफ्यासमोर येते.

तिसरी गोष्ट, टाइलच्या पाठीवर माल कसा लावतो ते बघा. दातेरी थापीने जमिनीवर सगळीकडे अधेसिव्ह पसरणारा, मोठी टाइल असेल तर पाठीलाही हात मारणारा, तो बरोबर. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे गोळे ठेवून टाइल दाबून मोकळा होणारा असेल तर काम तिथेच थांबवा. मधल्या पोकळीवर उद्या कपाटाचा पाय आला की टाइल तडकणार. व्हिट्रिफाइड टाइल पाणी अर्धा टक्काही शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळावर तिला पकड मिळत नाही. अधेसिव्हच्या गोणीवर आयएस १५४७७ (त्याचं भारतीय मानक) लिहिलेलं आहे का, ते आपल्या डोळ्यांनी बघा.

दोन टाइलमध्ये फट राखणारा दोन मिलिमीटरचा स्पेसर हवाच. "सांधा दिसणार नाही असं करून देतो" म्हणणाऱ्याला नको म्हणा. भिंतीलगतही स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावतात ती टाइलची पट्टी) थोडी फट सोडतात. उन्हाथंडीत टाइल फुगते-आकसते, तिला जागा मिळाली नाही तर एके दिवशी दोन टाइल एकमेकींना रेटून वर उठतात.

आता दुसरी बाजू, कारण धाग्यावर कंत्राटदार म्हणजे फसवणारा असाच सूर लागतोय. वडिलांचे किती लोकांनी शेवटचे पैसे बुडवले, याची मला कल्पना आहे. अर्धं काम झाल्यावर टाइल बदलायची, डिझाइन बदलायचं, आणि "एवढंसं तर आहे" म्हणून जादा पैसे द्यायचे नाहीत. घरातलं संडास वापरू द्यायचं नाही, पिण्याचं पाणीसुद्धा बाहेरून आणा म्हणायचं. गुडघ्यांवर बसून दिवसभर काम करणारा माणूस आहे तो. दहा टक्के जरूर मागे ठेवा, पण ते कधी आणि काय बघून देणार हे पहिल्याच दिवशी सांगा, आणि त्या दिवशी द्या.

पारसिक, तुमचा पहिला लादीवाला लेखी देत नाही म्हणालात. देत नाही की लिहिता येत नाही? तुम्ही लिहा, त्याला वाचून दाखवा, त्याची सही घ्या. वडिलांनी असे कित्येक कागद सही केले, लिहिला मात्र एकही नाही.

शमिका

दिघेकर, फार मोलाचं लिहिलंत. पाण्याचा आणि संडासचा मुद्दा प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायला हवा.

उपवन

वाखूसा (वाचनखूण साठवली).

वकिली

कायद्याचं थोडक्यात. कंत्राटदार ही सेवा आहे, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. काम बिघडवलं तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, काही वेळा तेवढ्यानेही माणूस हलतो.

पण आयोगासमोर पुरावा लागतो. रोखीने दिलेले पैसे आणि तोंडी बोलणं याला तिथे धरायला काहीच नसतं. चेकने किंवा यूपीआयने द्या, कामाचे ठरलेले मुद्दे व्हॉट्सॲपवर पाठवून "बरोबर" असं उत्तर घ्या, रोज संध्याकाळी फोटो काढा.

आणि एक : काम सुरू करण्याआधी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या छताचे फोटो काढून ठेवा. ब्रेकर (तोडायचं मशीन) चालला की खाली जुन्या भेगासुद्धा नव्या ठरतात. बाथरूम-सिंकच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या उपविधींप्रमाणे सभासदानेच स्वखर्चाने करायची असते, त्यामुळे हा वाद थेट तुमच्या अंगावर येतो.

ओळंबा

+१. छताचे फोटो हा उत्तम मुद्दा. स्वयंपाकघरात पाइप गॅस असेल तर ती नळी कंत्राटदाराला अजिबात हलवू देऊ नका, गॅस कंपनीचाच माणूस बोलवा.

रानजाई

माल आपण आणायचा की त्यालाच सांगायचं, याबद्दल कुणी बोललं नाही. आम्ही टाइल आणि अधेसिव्ह स्वतः घेतलं, वाळू-सिमेंट त्याच्याकडे ठेवलं. दुकानदाराचं बिल आमच्या नावावर, पैसे थेट दुकानात. त्यामुळे त्याला आगाऊ मोठी रक्कम द्यायची वेळच आली नाही.

टाइल घेताना हिशेब पक्का करा. दोन बाय चार फुटी टाइलच्या खोक्यात दोन टाइल्स असतात, खरं माप किंचित कमी भरतं म्हणून साडेपंधरा चौरस फूट होतात. जमिनीवर सात-आठ टक्के कापात जातात, शिवाय स्कर्टिंग. सगळी खोकी एकाच वेळी घ्या, प्रत्येक खोक्यावरचा बॅच आणि शेड नंबर जुळवून घ्या. कमी पडली म्हणून महिन्याने आणलेली टाइल हमखास वेगळ्या छटेची निघते. एखादं खोकं माळ्यावर राहू द्या, पुढे कधी प्लंबरने फोडलं तर कामी येतं.

आईबाबांसाठी चकचकीत घेऊ नका, मॅट घ्या. दुकानात आर नंबर विचारा. आर ९ पासून सुरू होतो, आकडा जितका मोठा तितकी घसरण कमी. तिथेच एका टाइलवर पाणी टाकून चप्पल घासून बघा.

घोडबंदरी

स्कर्टिंगचा दर वेगळा लावतात, रनिंग फुटाने. आमच्या भावात ते शेवटी उगवलं. आधी विचारा.

वसंतकाका

वेळेबद्दल सांगतो. आपल्याकडचे बरेच लादीवाले राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारकडचे. होळीला, छठला, एप्रिल-मेच्या लग्नसराईत गावी जातात. गणपतीच्या आधी तर अख्ख्या ठाण्याला घर नवीन हवं असतं, तेव्हा एकेक माणूस चार घरी पाय अडकवून बसतो. गणपती गेल्यावर आणि दिवाळीच्या गर्दीआधी मधले आठवडे बरे मिळतात. सोसायटीची परवानगी, डिपॉझिट, कामाच्या वेळा हे आधीच उरकून ठेवा.

केवडा

सगळे टाइलवर घसरले :) माझ्या मोझॅकचं काय? मॅट टाइल घ्या म्हणताय, पण पॉलिश केलेली मोझॅकही काचेसारखी गुळगुळीत करायची नसते, पॉलिशवाल्याला शेवटचा हात कमी मारायला सांगायचं. आणि दोनशे पोती राबीट वाचतं की नाही?

ओळंबा

केवडा, तुमच्या पहिल्या प्रतिसादाकडे माझं लक्ष गेलं नव्हतं, पण मुद्दा भक्कम आहे. फक्त स्वयंपाकघर खोदायचं, तिथली गळती आणि आधार नीट करायचा, बाकी घर घासून घ्यायचं. वजन वाढत नाही, दरवाजे तासायला नकोत. प्रश्न राहतो हॉलमधल्या तुटक्या लाद्यांचा. तशा नव्या मिळणं कठीण.

दिघेकर

मिळतील की, घरातच! स्वयंपाकघरातल्या चांगल्या लाद्या न फोडता छिन्नीने सुट्या काढायच्या. ओट्याखालच्या तर वापरातच आलेल्या नसतात. त्याच हॉलमध्ये लावायच्या. त्या वेळी एका घरात बहुतेक एकाच घाणीची (एकाच वेळी बनवलेली) लादी लागायची, खडे जुळतील. ब्रेकर लावला तर मात्र सगळा चुरा होईल. हे काम हातानेच.

आणि खरं सांगू, कारागीर पारखायला याहून चांगली कसोटी नाही. तिघांनाही विचारा, "दहा लाद्या अख्ख्या काढून देशील का?"

पारसिक

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण तुमचे प्रश्न घेऊन तिघांना पुन्हा गाठत होतो.

वाशीच्या ऑफिसवाल्यांनी राबीट "वेगळं पडेल" असं सांगितलं आणि बसवणारा माणूस आधी भेटवायला तयार झाले नाहीत. दुकानाने पाठवलेले गृहस्थ प्रामाणिक वाटले. खचलेली जागा दाखवल्यावर तेच म्हणाले, की इथे वरून चिकटवणं बरोबर नाही, पण खोदकाम ते घेत नाहीत.

पहिला लादीवाला आला, ओट्यासमोर बसला, ठोकून बघितलं. अख्ख्या लाद्या काढायचं विचारल्यावर त्याने पिशवीतून पातळ छिन्नी काढली आणि ओट्याच्या आतली एक लादी सोडवून आईच्या हातात दिली. कोपरासुद्धा उडाला नाही. सीवूड्समध्ये त्याने पूर्वी केलेलं घर दाखवलं, तिथल्या काकूंनी स्वतः सगळं फिरून दाखवलं आणि चहा दिला. कागदाचा मुद्दा दिघेकर म्हणाले तसाच निघाला. मी लिहिलं, वाचून दाखवलं, त्याने एक ओळ दुरुस्त करायला लावली (स्वयंपाकघराखाली नळ गळका निघाला तर प्लंबरची मजुरी आमची) आणि सही केली.

ठरलं ते असं : स्वयंपाकघर पूर्ण खोदून मॅट टाइल, हॉल आणि दोन्ही खोल्यांत तुटक्या लाद्या बदलून घासाई. पैसे टप्प्याटप्प्याने, शेवटचे दहा टक्के ओट्यासमोर भरपूर पाणी ओतून, लाद्या वाजवून बघितल्यावर, त्याच दिवशी. आईबाबा तेवढे दिवस ताईकडे डोंबिवलीला. मोझॅक राहणार म्हटल्यावर आई सगळ्यात खूश आहे, केवडाताई, तुम्हाला तिचा खास निरोप.

एक शंका राहिली. बदललेल्या लाद्यांचे सांधे जुन्यांत वेगळे दिसतील का?

दिघेकर

पहिली घासाई झाली की जमीन धुऊन, सुकवून सांधे आणि बारीक खड्डे पुन्हा भरायला सांगा. जुन्या लादीच्या रंगाचं सिमेंट, पांढऱ्यात रंग मिसळून. भरलेलं दोन-तीन दिवस ओलं ठेवायचं, मगच बारीक दगडाची घासाई. घाईत त्याच दिवशी घासलं तर भरलेलं सगळं निघून येतं. आधी पलंगाखालच्या एखाद्या लादीवर रंग जुळवून बघा.

सायलीची आई

आणि घासाईच्या वेळी पांढरा चिखल खूप होतो हो. नहाणीच्या जाळीवर आधी फडकं बांधा, नाहीतर तो आत जाऊन घट्ट बसतो. भिंतींना खालून दोन फूट प्लास्टिक लावून घ्या.

पारसिक

जाळीचं लक्षात आलंच नव्हतं. प्लास्टिक आणि रंगाचं सिमेंट दोन्ही यादीत टाकलं.